उगवलेल्या केसांची चौकशी

चौकशी हा माझा पिंड आहे. पांढरकवड्याच्या एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत माझी उभी हयात गेली. "मुकुटबनची गाडी कधी लागते?" या प्रश्नाला रोज तोंड दिलेला माणूस कोणत्याही गुन्हेगाराला घाबरत नाही. निवृत्तीनंतर मी दारावर पाटी लावली : इंद्रजित भोयर, खाजगी गुप्तहेर. पत्नी शीला हिला सहायक नेमलं. तिनं ही नेमणूक अद्याप स्वीकारलेली नाही.

त्या दिवशी शेजारच्या लालसिंग राठोडांची समीक्षा केस घेऊन आली. खरं तर केस आले होते, आणि तीच केस होती.

"काका, उजव्या कानामागं मले चाई पडली होती," ती म्हणाली. "गोल चट्टा, एक केस नाही. आई कांद्याचा रस चोळे. बाबानं बाजारातून तेल आणलं. डॉक्टरीणबाईनं मलम देलं. तिन्ही लावलं. आता केस परत आले."

"मग तक्रार कोणाविरुद्ध?"

"कायनं आले तेच समजून नाही राह्यलं! आई म्हणते कांद्यानं, बाबा म्हणते तेलानं. दोघं एकमेकाशी बोलत नाहीत. अन आता डाव्या बाजूले दुसरी चाई पडली." तिनं ओढणी कानावर ओढली. "रविवारी रजतशी साक्षगंध आहे, काका, लग्न ठरलं माह्यं. रजतच्या घरी काही सांगितलं नाही. खरं औषध कोणतं ते समजलं तं तेवढंच लावीन."

मी भिंग काढलं.

पहिला संशय कांद्यावर. रोज घटनास्थळी हजर राहून सगळ्यांना रडवणारा इसम. माझ्या डोक्यावर प्रयोगाला जागा भरपूर. चार दिवस रस लावला. केस आले नाहीत, माश्या आल्या.

दुसरा संशय तेलावर. बाटलीवर लिहिलं होतं : केसगळती, गुडघेदुखी, मूळव्याध. इतक्या ठिकाणी ड्यूटी असलेला कुठंच वेळेवर पोचत नाही, हे मी एसटीत पाहिलं आहे.

मलमाची नळी मात्र गप्प होती. गप्प संशयित मला आवडत नाहीत.

शनिवारी मी समीक्षाला बोलावून निकाल सांगितला. "हा कट आहे. तिघांनी संगनमतानं केस उगवले."

"तुमी जरा सरका," शीला म्हणाली. तिनं समीक्षाची वेणी सोडली आणि केस बाजूला करत करत टाळूच्या मागं थांबली. "अवं, इथंही चाई होती तुले. बोटभर केस आले की! इथं काय लावलं होतं?"

"इथं?" समीक्षा गोंधळली. "इथं होती हेच मले माहीत नाही. काहीच नाही लावलं."

"रस ओघळला असेल," मी म्हणालो.

"कानामागून टाळूवर? रस काय वर चढते?"

समीक्षानं लगेच डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "पहिल्याच दिवशी सांगितलं होतं मी. चाईचे केस पुष्कळदा आपोआप येतात. मलमानं मदत होऊ शकते, ते लाव. पण पुन्हा जाणारच नाहीत, असं कोणी सांगू शकत नाही." पहिल्या दिवशी हे कोणी ऐकलं नव्हतं, तिची आई हंसाबाई तेव्हा कांदा लाल घ्यावा की पांढरा, हे विचारत होत्या.

समीक्षानं सोडलेली वेणी पुन्हा घातली. मग म्हणाली, "म्हणजे लपवून काही उपयोग नाही." आणि तिनं रजतला फोन लावला. पुराव्यासाठी स्पीकर मी सुरू करायला लावला. तिनं सगळं एका दमात सांगितलं.

पलीकडून रजत म्हणाला, "तरीच! पाहायले आलो तवा घरभर कांद्याचा वास. मी भज्याची वाट पाहून राह्यलो, अन आले पोहे."

समीक्षा आधी हसली, मग रडायलाच लागली. "अवं, रडते काहून?" तो घाबरून म्हणाला. "मी तुले पाहायले आलतो, केस मोजायले नाही."

शीलानं स्पीकर बंद केला आणि माझ्याकडं पाहिलं. गुप्तहेराला कुठं थांबू नये हेही कळावं लागतं. मी अंगणात आलो.

फाटकाशी हंसाबाई आणि लालसिंग उभे होते, मधे एक माणूस मावेल एवढं अंतर ठेवून.

"काय निघालं, भाऊ?" लालसिंगांनी विचारलं. "तेल ना?"

"थांबा. पोरगी रजतशी बोलून राह्यली. सगळं सांगितलं तिनं त्याले."

दोघांचेही चेहरे उतरले. आतून आवाज आला. हंसाबाईंनी कान दिला, आणि नकळत नवऱ्याची बाही धरली.

"अहो, ऐका ना," त्या म्हणाल्या, "हसून राह्यली ना ते?"