पायगोंडबुवांचं अस्सल अक्षर

सैल पँट. साखर वाढल्यावर कंबर चार इंचांनी उतरली. पँट नोकरीच्या काळातली.

जर्मन बनावटीचं भिंग, कातडी पाकिटात.

सांगलीतल्या एका नाट्यसंस्थेची पहिल्या मजल्यावरची खोली. परवापर्यंत तिथे मोडक्या खुर्च्या होत्या.

ज्येष्ठ शुद्ध पंचमी.

"चटणीचा डबा ठेवा खाली. लसूण हाय त्यात. जैनाच्या घरी निगालाय," बायको दारातून म्हणाली.

एक्केचाळीस कागद. त्यांवर काय लिहिलं आहे ते मालकाला वाचता येत नाही.

मालकाचं नाव मानसिंग. साताऱ्याच्या एका बँकेत त्यांनी चौतीस वर्षं सह्या ताडून पाहिल्या. सही थरथरली म्हणून किती म्हाताऱ्यांना त्यांनी काउंटरवरून परत पाठवलं, हे ते पाहुण्यांना चहाबरोबर सांगत. निवृत्तीनंतर ताडायला सह्या उरल्या नाहीत, तेव्हा ते जुन्या संगीत नाटकांच्या संगीतकारांनी स्वतःच्या हातानं लिहिलेली स्वरलेखनाची पानं जमवू लागले. रद्दीवाले पालथे घातले, मिरजेत तंबोरे करणाऱ्यांच्या माळ्यांवर चढले. त्यातून 'संगीत चंद्रकंकण' या नाटकाची एक्केचाळीस पानं हाती लागली. संगीत पायगोंडबुवा समडोळीकरांचं. मानसिंगांना सा कुठला आणि प कुठला हे कळत नसे. त्यांना शाई कळे.

"आवं, एवढं गाण्याचं कागद गोळा केलं, एक वळ तरी म्हणून दावा की," त्यांची बायको क्रांती म्हणे.

"गाण्याचा इथं काय संबंध? हे संशोधन आहे."

"बरं झालं. न्हाईतर शेजारी घर सोडून गेलं असतं."

नाट्यसंस्था त्या रिकाम्या खोलीला 'मानसिंग संग्रह' असं नाव द्यायला तयार होती. अट एकच. पानं बुवांच्याच हातची आहेत याचा पुरावा हवा. संस्थेचा कार्यवाह विश्वजीत फोनवर म्हणाला होता, "सर, बुवांच्या घरी वही आहे म्हणतात. तिच्याशी अक्षर जुळवून आणा, लगेच पाटी लावतो."

आयुष्यात मानसिंगांचं नाव फक्त टेबलावरच्या लाकडी पट्टीवर होतं, आणि निरोपाच्या दिवशी ती पट्टीही शिपायानं मागून घेतली होती. त्यांना ती पाटी हवी होती. फार हवी होती.

अडचण अशी, की समडोळीच्या त्या घरात लिहिलेला प्रत्येक कागद पोथ्यांच्या कपाटात असे, आणि ते कपाट वर्षातून एकदा उघडे. जैनांच्या श्रुतपंचमीला, म्हणजे ज्येष्ठ शुद्ध पंचमीला. पोथ्या उन्हाला धरायच्या, झटकायच्या, पूजा करायची, नव्या कापडात बांधून परत ठेवायच्या. म्हणून मानसिंग सकाळच्या एसटीनं निघाले.

दारात बुवांचा नातू बाळगोंडा उभा होता. वय साठीचं, खांद्यावर टॉवेल.

"या सायेब. पाय धुवा. आन् पट्टा काडा."

"पट्टा?"

"कातडं न्हाई चालत पोथीम्होरं. घड्याळाचा पट्टा बी काडा. पाकीट बी. ते भिंगाचं काय हाय त्ये बी कातडंच दिसतंय."

मानसिंगांनी एकेक वस्तू ओट्यावर ठेवली. शेवटी पट्टा. पँटनं लगेच आपला निर्णय कळवला. त्यांनी डाव्या हातानं ती धरली आणि संशोधनाला आत प्रवेश केला.

आत बुवांची सून चंदनबाला पाटावर बसली होती. चौऱ्याऐंशी वर्षांची, पांढरी साडी, डोळे अजून सुईत दोरा ओवणारे. तिनं लाल कापडातली वही उलगडली.

"ही बगा 'चंद्रकंकण'ची वही. आता ही कुणी लिवली—"

"मावशी, मला सांगू नका." मानसिंगांनी उजवा हात वर केला. डावा त्यांना परवडत नव्हता. "माणूस खोटं बोलतो. अक्षर खोटं बोलत नाही. मी तपासतो."

"पर सायेब, आदी ऐका तरी—"

"मावशी, चौतीस वर्षं!"

चंदनबालानं मुलाकडे पाहिलं. बाळगोंडानं खांदे उडवले.

तपासणीला तीन हात लागत होते. एक वहीला, एक भिंगाला, एक पँटला. भिंग बाळगोंडानं धरलं. मानसिंगांनी पिशवीतली पानं वहीशेजारी मांडली आणि ते 'ळ' शोधू लागले.

"हा ळ बघा. गाठ मारल्यासारखा. आता माझ्या पानावरचा बघा. तीच गाठ! स्वराखालची रेघ बघा, शेवटी वर उचललेली. करारी पुरुषाचा हात आहे हा! मनगटात जोर आहे!"

"जोर व्हता खरा," चंदनबाला म्हणाली.

"एकच हात! शंभर टक्के एकच हात!" आणि मानसिंगांनी दोन्ही हात वर फेकले.

पँट पडली.

चंदनबालानं शांतपणे तोंड पोथ्यांकडे वळवलं. "कंबर बगून कापड घालावं मानसानं," ती पोथ्यांना म्हणाली. बाळगोंडा गोठ्यात जाऊन म्हशीचा कासरा घेऊन आला.

"नायलॉनचा हाय. ह्यो चालतोय."

कासऱ्यात आवळलेले मानसिंग पुन्हा अधिकारवाणीनं बोलू लागले. दाखल्याचा मजकूर त्यांनी साताऱ्याहूनच टाइप करून आणला होता. 'सदर वही व माझ्या संग्रहातील एक्केचाळीस पाने एकाच व्यक्तीच्या हस्ताक्षरात असल्याची मी खात्री केली आहे.' खाली स्वतःची सही ठोकली, साक्षीदार म्हणून बाळगोंडाची घेतली, फोटो काढून विश्वजीतला पाठवला. मग पाटावर ऐसपैस बसले.

"हं, मावशी. आता सांगा, काय सांगत होता?"

"काय न्हाई. अक्षर आत्याबाईंचं हाय, एवडंच."

"कुणाचं?"

"माज्या सासूचं. सुंदरीबाईंचं. मामंजींना अक्षरवळख न्हवती. त्ये झोपाळ्यावर बसून गायाचं, आत्याबाई चुलीम्होरं बसून लिवायच्या. सा रे ग म लिवायला पेटीवाल्याकडनं शिकल्या. एकांदी वळ मामंजींची जमली न्हाई, तर ह्याच दुरुस्त करायच्या. समदी वही त्यांची. तुमची पानं बी त्यांचीच निगाली. बरं झालं बगा, तुमी खात्री केली."

मानसिंगांनी दाखल्याकडे पाहिलं. चौतीस वर्षांत इतकी निर्दोष तपासणी त्यांनी केली नव्हती.

"पण... एखादं पान? एखादी सही तरी बुवांची?"

"आवं, एकच हात म्हणून तुमीच वरडला की," बाळगोंडा म्हणाला. "पँट पडंस्तोवर."

फोन वाजला. विश्वजीत.

"सर, अभिनंदन! फोटो मिळाला. पेंटर शिडीवर चढलाय. 'मानसिंग संग्रह', आणि खाली 'पायगोंडबुवा समडोळीकर यांचे स्वहस्ताक्षर'. बरोबर ना?"

फोनचा आवाज मोठा होता. चंदनबाला वहीला नवं कापड गुंडाळता गुंडाळता थांबली.

"आमच्या आत्याबाईंचं नाव घाला म्हणावं, सायेब. बारीक अक्षरात घातलं तरी चालंल. कुटंच न्हाई त्यांचं नाव."

खरं सांगायला पाच शब्द पुरले असते. मानसिंगांनी ते मनात जुळवूनही पाहिले. मग त्यांना खोली दिसली, पाटी दिसली, पाटीखाली हार घालून उभे असलेले ते स्वतः दिसले.

"सर? पेंटर विचारतोय."

"बरोबर आहे," मानसिंग म्हणाले. "रंगवा."

"आवं, आन् आज्जीचं?" बाळगोंडानं विचारलं.

"बघू पुढच्या आवृत्तीत," मानसिंग म्हणाले आणि पानं गोळा करू लागले. पाटीची पुढची आवृत्ती कशी निघते, हे बाळगोंडानं विचारलं नाही. त्यानं फक्त कासऱ्याचं मोकळं टोक हातात घेतलं आणि साहेबांना एसटी थांब्यापर्यंत पोचवायला निघाला. वाटेत गावातल्या दोघांनी त्याला विचारलं, "काय रं, नवीन घेतलंस काय?"

१९३४ साली नाटक मंडळीशी झालेल्या करारावर पायगोंडबुवांची निशाणी, डाव्या हाताचा अंगठा आहे, आणि तो अंगठा कोणाचा, हे त्याच्याशेजारी सुंदरीबाईंनी लिहिलं आहे.