पहिल्या हाकेचा मान

ही गोष्ट मी सांगायची नव्हती. माझी मावशी फळझाडांवर संशोधन करते. तिने बजावलं होतं, "हे अजून कुठे छापून आलेलं नाही, बाहेर बोलू नकोस." मी फारशी कुणाशी बोलतच नाही, म्हणून तिने विश्वासाने सांगितलं. पण मुलांनो, तुम्ही लहान आहात. तुम्ही सांगितलेलं मोठी माणसं मनावर घेत नाहीत. तेव्हा हरकत नसावी.

तर एका जंगलात, खडकाळ उतारावर, डाळिंबाचं एक झाड होतं. सगळे तिला डाळिंबी म्हणत. त्या वर्षी तिला पहिलंच फळ धरलं होतं. एकच होतं, हिरवं आणि लिंबाएवढं. ते नीट पिकावं, त्यातलं एखादं बी शेजारी रुजावं, एवढंच तिला हवं होतं.

आता थोडं विज्ञान येणार आहे. घाबरू नका, लगेच संपेल.

प्रत्येक फळझाडाच्या आत काही घराणी राहतात. त्यांना हाकारे म्हणतात. हाकारे पाणी ओढत नाहीत, साखर करत नाहीत, काहीच करत नाहीत. ते फक्त हाक मारतात. ऊन तापलं, की उन्हाचा हाकारा ओरडतो, "अरे, दारं लावा!" मग पानांखालची बारीक दारं बंद होतात आणि झाडातलं पाणी झाडातच राहतं. थंडी पडली, की थंडीचा हाकारा साखर करणाऱ्यांना उठवतो. एका घराण्यातले हाकारे दिसायला अगदी सारखे असतात. कोण कशासाठी ओरडेल, हे तोंडावरून कळत नाही. पण ज्याचं काम असतं त्याला ते बरोबर कळतं आणि तो ओरडतो.

एवढ्यावर डाळिंबीचं बरं चाललं होतं.

मग पंडित साळिंदर आले. त्यांना जंगलात फार मान होता, कारण लेखणी संपली की ते पाठीवरची दुसरी उपटत.

"डाळिंबी," ते म्हणाले, "तुझ्यात हाकारे किती?"

"कुणास ठाऊक. वेळेला हाक येते खरी."

"हे उत्तर शास्त्रीय नाही. सगळ्यांना बाहेर बोलव!"

हाकारे बाहेर आले. थंडीचा हाकारा सगळ्यांत पुढे आला, कारण उन्हाळ्यात त्याला काही कामच नव्हतं. उन्हाची हाकारीण मागे राहिली, कारण ती कामात होती. पंडितांनी ज्या क्रमाने दिसले त्या क्रमाने त्यांना नंबर दिले. थंडीवाला झाला पहिला. उन्हाची झाली अकरावी.

हाकाऱ्यांना आजवर नावंच नव्हती. त्यांना वाटलं, हा मान आहे.

"बघितलंत?" पहिला म्हणाला. "आता आधी हाक आमची. मग दुसऱ्याची. मग तिसऱ्याची."

"आणि माझी?" अकरावीने विचारलं.

"तुला सांगू की. घाई काय आहे?"

दुसऱ्या दिवशी दुपारी खडक असा तापला, की सरडे पाय उचलून उभे राहिले. अकरावीने तोंड उघडलं.

"ए, थांब!" पहिला ओरडला. "आधी मी."

"मग मारा ना हाक! ऊन किती झालंय!"

"मला तर बरं वाटतंय," पहिला म्हणाला. "थंडी पडू दे, मग मारतो."

दारं उघडीच राहिली. पाणी वाफ होऊन जात राहिलं. डाळिंबीच्या पानांच्या सुरळ्या व्हायला लागल्या.

"अहो पंडित," ती म्हणाली, "यांना काहीतरी सांगा हो. माझं फळ सुकतंय."

"उत्तम!" पंडितांनी नवी लेखणी उपटली. "आम्ही सहनशक्तीचाच अभ्यास करतोय. तू सोसत राहा."

तेवढ्यात एक रानडुक्कर डोहात लोळून आलं. त्याच्या अंगावरून पाणी निथळत होतं. डाळिंबीकडे बघून ते थांबलं.

"बाई, तुझ्या मुळाशी अंग झटकू का जरा?"

"झटक रे बाबा, झटक!"

"खबरदार!" पंडित धावत आले. "हिला पाणी दिलंस, तर तहानेचा अभ्यास कसा होणार? तुला झटकायचंच असेल, तर त्या शेजारणीजवळ झटक. तिला रोज भरपूर पाणी द्यायचंय."

"पण तिला तहान कुठे लागलीय?"

"म्हणूनच. ती तुलनेसाठी आहे."

शेजारणीला, म्हणजे दुसऱ्या डाळिंबाच्या झाडाला, फळही नव्हतं आणि तक्रारही नव्हती. पण जंगलातले सगळे प्राणी तिच्या मुळाशी येऊन अंग झटकायला लागले. "अहो, पुरे!" ती ओरडायची. "मुळं कुजतील माझी!" पंडित तेही लिहून घ्यायचे.

इकडे अकरावीला राहवेना. ती पहिल्याच्या पाया पडली. "तुमचा मान तुमच्याकडेच ठेवा. मला फक्त एकदा ओरडू द्या."

"तू ओरडलीस, तर उद्या बारावा ओरडेल," पहिला म्हणाला. "घराण्याला काही शिस्त आहे की नाही?"

काही दिवसांनी तिसऱ्या प्रहरी फळाची साल तडकली. संध्याकाळी ते गळून पडलं. हिरवंच होतं. आतले दाणे पांढरे होते. त्यातला एकही रुजणार नव्हता.

पंडितांनी ते उचललं. "नमुना," ते म्हणाले, आणि त्यांनी तो तिथेच तपासला. तपासून झाल्यावर तोंड पुसलं.

पुढच्या आठवड्यात वाघ महाराजांच्या हस्ते सत्काराचा मोठा समारंभ झाला. पंडितांनी हाकाऱ्यांची वंशावळ वाचून दाखवली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ज्यांना कळलं नाही त्यांनी जास्त वाजवल्या. पहिल्या हाकाऱ्याला हार घातला. मग डाळिंबीच्या वाळक्या फांद्यांवर शाल पांघरवली. भर उन्हात. लोकरीची.

"अशी सहनशील डाळिंबी आपल्या जंगलात आहे, याचा आम्हाला अभिमान आहे," महाराज म्हणाले. "बाई, दोन शब्द बोला."

डाळिंबीच्या अंगात दोन शब्दांचं बळ नव्हतं. ती एकच बोलली.

"पाणी."

महाराजांनी पंडितांकडे पाहिलं.

"अत्यंत महत्त्वाचा मुद्दा," पंडित म्हणाले. "त्यावर आणखी संशोधन व्हायला हवं."

पुन्हा टाळ्या झाल्या.

तात्पर्य : तहान लागली की पाणी मागणारी झाडं साधी असतात. त्यांना कुणी शाल देत नाही. म्हणून मुलांनो, सोसायला शिका. आपला नंबर येईपर्यंत तोंड उघडू नका. समोर आग लागलेली दिसली, तरी आधी नम्रपणे विचारा, की ओरडायचा मान आज कुणा... आले गं आई! मुलांनो, नळाला पाणी आलंय, ते जायच्या आत मला भरून ठेवायला...