इनासभाऊ बाहेर पडतात

इनासभाऊ लोपीस पहिल्यांदा आमच्या घरी आले, तेव्हा चहाच्याही आधी त्यांनी आमचा संडास पाहायला मागितला. वापरायला नव्हे, पाहायला. आत डोकावले, नळ सोडून बघितला, कडी लावून-काढून पाहिली आणि बाहेर येऊन आमच्या ह्यांना म्हणाले, "चांगलं चाललंय तुमचं." ह्यांना हा माणूस महापालिकेचा वाटला. त्यांनी मुकाट्यानं घरपट्टीची पावती शोधायला घेतली.

ते महापालिकेचे नव्हते, समोरच्या फ्लॅटमध्ये नव्यानं राहायला आले होते. मूळचे इथल्याच, वसईतल्या गिरीज गावचे. वाडीतलं घर धाकट्या भावाकडे आणि हे एकटे इथे आमच्या एव्हरशाईन वस्तीत, दोन बेडरूममध्ये. पंचावन्न-छप्पनचं वय, लग्न केलेलं नाही, अंगावर कायम इस्त्रीचा शर्ट आणि खाली हाफ पॅण्ट, कारण व्हिडिओ मीटिंगच्या कॅमेऱ्यात वरचंच दिसतं. काम काय करता, असं विचारलं तर म्हणाले, "व्हिएतनाममध्ये पैसे लावतो."

मला वाटलं जुगार असेल. तसं मी तोंडावर म्हटलंही. त्यांना राग आला नाही, उलट समजावून सांगायची संधी मिळाल्याचा आनंद झाला. तर ते असं असतं. श्रीमंत लोकांचे पैसे एकत्र करून एक फंड उभा करायचा. व्हिएतनामसारख्या वर येणाऱ्या देशात छोट्या, धडपड्या कंपन्या हुडकायच्या, त्यांच्यात भागीदारी घ्यायची, त्यांना मोठं करायचं आणि मुदत संपायच्या आत आपला हिस्सा चढ्या भावानं विकून बाहेर पडायचं. कंपन्या हुडकायचं आणि त्यांच्यावर नजर ठेवायचं काम इनासभाऊंचं. फंडाचं मुख्य ऑफिस सिंगापूरला, कंपन्या व्हिएतनामात आणि इनासभाऊ आमच्या पॅसेजमध्ये.

संडासाचं रहस्यही त्यातच होतं. कंपनीत पैसे घालण्याआधी ते न सांगता कारखान्यावर जात आणि पहिला कामगारांचा संडास बघत. मालकाची केबिन कुणीही चकाचक ठेवतो, म्हणत. ही सवय इतकी अंगात मुरली होती, की हॉटेलात गेले तरी आधी आत जाऊन यायचे आणि मग मेन्यू उघडायचा की नाही ते ठरवायचे. त्यांच्याबरोबर जेवायला जाणं म्हणजे डोक्याला ताप. एकदा आम्ही तिघं तीन हॉटेलांतून उपाशी बाहेर पडलो आणि शेवटी माझ्याच घरी पिठलं-भात खाल्ला.

बसायचं म्हणून माहीत नाही. व्हिएतनामचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे, त्यामुळे इनासभाऊंचा दिवस पहाटेच सुरू व्हायचा आणि फोन कानाला लावून पॅसेजमध्ये येरझाऱ्या चालू. लिफ्टपासून जिन्यापर्यंत, जिन्यापासून लिफ्टपर्यंत. सोसायटीच्या मीटिंगला ते दाराशी उभे. गच्चीवर सोलर लावायचा ठराव आला, सगळे माना डोलावतायत आणि हे मागून विचारतात, "पण नाही जमलं तर बाहेर कसं पडायचं?" हा त्यांचा लाडका प्रश्न. नवीन गाडी घेतली, मुलाला परदेशी पाठवलं, कुणी भिशी लावली, काहीही सांगा, यांचं आपलं बाहेर पडणं तयार. लग्न का केलं नाही, असं मी एकदा खोदून विचारलं. तर म्हणाले, "त्यात मुदत दिलेली नसते, वहिनी."

मी दिवाळीला फराळाच्या ऑर्डरी घेते. एका वर्षी ते माझ्या स्वयंपाकघरात पाऊण तास उभे राहिले, चार चकल्या खाल्ल्या आणि मग म्हणाले, "माल एक नंबर आहे. पण उद्या तुम्ही आजारी पडलात तर चकली कोण पाडणार?" मी म्हटलं, कुणी नाही पाडणार, लोक गप बसतील. "मग हा धंदा नाही, या तुम्ही आहात," असं म्हणून ते गेले. मला तो अपमान वाटावा की कौतुक, हे मला चार दिवस ठरवता आलं नाही. पाचव्या दिवशी मी शेजारच्या शोभाला सोऱ्या धरायला शिकवलं, हेही खरं.

आणि माणूस कामाचाही होता. माझ्या भाचीला चंदनसारच्या एका मुलाचं स्थळ आलं. मुलाचं केकचं दुकान. मी सहज बोलून गेले, तर इनासभाऊ दोन दिवस त्या दुकानासमोर छत्री घेऊन उभे. किती लोक आले, किती रिकाम्या हातानं गेले, सगळं वहीत. तिसऱ्या दिवशी आत जाऊन संडास पाहून आले. मग अहवाल दिला, की गिऱ्हाईक बेताचं आहे, पण मालक स्वतः फडकं मारतो, मुलगी द्या. दिली. सुखात आहे.

गेल्या वर्षी मात्र इनासभाऊंचं काहीतरी बिनसलं. येरझाऱ्या वाढल्या. पॅसेजमध्ये आता रात्रीच्या जेवणाच्या वेळीही पावलं वाजायची. खालच्या मजल्यावरून तक्रार आली. मी एक दिवस दार उघडून त्यांना आत ओढलं आणि काय ते एकदा बोलून टाका म्हटलं. उभ्याउभ्याच सांगितलं त्यांनी.

त्यांच्या फंडाची मुदत डिसेंबरात संपत होती. तोवर सगळं विकून, ज्याचे त्याचे पैसे देऊन, दुकान बंद. बाकीच्या सगळ्या कंपन्या विकून झाल्या होत्या. एकच उरली होती, लानबाईंची. व्हिएतनामच्या अगदी दक्षिण टोकाला या लानबाई केळी वाळवतात. सोललेली केळी उन्हात पसरायची, बाजू बदलत राहायची, संध्याकाळी झाकायची, म्हणजे आपली सुकेळीच. अंगणात गावातल्या चाळीसेक बायका हे काम करतात. इनासभाऊंनी ही कंपनी शोधली तेव्हा ती एका पत्र्याच्या छपराखाली होती. आता तिचा माल विमानतळावर विकला जातो.

तर आता तिला दोन गिऱ्हाइकं होती. एक मोठी खाऊ बनवणारी कंपनी, पैसे भरपूर देत होती, पण तिला फक्त नाव आणि कृती हवी होती. केळी ती आपल्या कारखान्यात यंत्रावर वाळवणार, अंगण बंद, बायका घरी. दुसरं गिऱ्हाईक म्हणजे खुद्द लानबाई आणि त्या बायका. गावच्या बँकेचं कर्ज काढून त्या स्वतःच फंडाचा हिस्सा विकत घ्यायला तयार होत्या, पण भाव कमी आणि निम्मे पैसे हप्त्यानं. कुणाला विकायचं याची शिफारस इनासभाऊंनी करायची होती. शिवाय विकलेल्या प्रत्येक कंपनीच्या नफ्यात त्यांचाही थोडा हिस्सा असायचा, तो फंड बंद होताना एकदमच मिळायचा आणि त्यांचं म्हातारपण त्याच्यावरच होतं. या वयात दुसरा फंड त्यांना दारात उभं करणार नव्हता.

"मग यात अडलंय काय?" मी विचारलं. "जास्त पैसे देईल त्याला द्यायचं. तुम्हीच सांगता ना आम्हाला."

"हो. तेच बरोबर आहे," असं म्हणून ते पुन्हा पॅसेजमध्ये चालायला लागले. मला त्यांचा रागच आला. आख्ख्या इमारतीला अक्कल शिकवणाऱ्या माणसाला स्वतःचं एक ठरवता येऊ नये?

निकालाची मीटिंग होती त्या दिवशी सकाळी रंगाऱ्यांनी पॅसेजमधली इंटरनेटची वायर तोडली. आमची शाबूत, त्यांची गेली. इनासभाऊ लॅपटॉप पोटाशी धरून दारात उभे. मी जेवणाच्या टेबलावरची भाजी उचलली आणि जागा करून दिली. आमचे हे आंघोळीला गेले होते. मी स्वयंपाकघरात गेले, पण कान बाहेरच होते, उगाच खोटं कशाला बोला.

पडद्यावर सिंगापूरचे तिघं. माझं इंग्रजी शाळेतलं, पण ही माणसं सावकाश बोलत होती आणि इनासभाऊंचं इंग्रजी वसईचंच आहे, मला सगळं कळतं. त्यांनी दोन्ही गिऱ्हाइकं नीट मांडली. मग शिफारस केली लानबाईंची. कारणंही दिली. चव त्या बायकांच्या हातात आहे, त्या गेल्या की नावाला किंमत उरणार नाही. मोठी कंपनी शेवटच्या क्षणी भाव पाडेल, तिनं आधी असं केलेलं आहे. लानबाईंनी आजवर एकही तारीख चुकवलेली नाही. मला सगळं पटलं. तिघांपैकी जो मुख्य होता त्याला पटलं नसावं. त्यानं चष्मा काढला आणि विचारलं, की इनास, हे धंद्याचं कारण आहे की तुझं स्वतःचं?

मी गॅस बारीक केला.

"माझं स्वतःचं," ते म्हणाले. "बाकीची कारणं खरी आहेत. पण ती मी नंतर शोधली."

पुढे ते म्हणाले, की किमतीत जो फरक पडेल तो आधी माझ्या हिश्शातून कापा, तो संपला की मग बाकीच्यांच्या. तसं लिहून देतो. पडद्यावरच्या तिघांनी आपले आवाज बंद केले आणि आपसात बोलायला लागले. नुसते ओठ हलताना दिसत होते. इनासभाऊ टेबलावरचं मिठाचं भांडं इकडून तिकडे सरकवत होते. मग आवाज आला. मुख्य माणूस म्हणाला, की ठीक आहे, तुझा हिस्सा सगळा जाईल, विचार केलास ना? इनासभाऊ हो म्हणाले. तो म्हणाला, मग दे त्या बाईला. आणि पडदा काळा झाला.

मी तरातरा बाहेर आले. वाटेल ते बोलले. म्हातारपणी काय खाणार, वाळकी केळी? एका परक्या बाईसाठी, तिची भाषाही येत नाही तुम्हाला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग मिठाच्या भांड्याकडे बघत बोलायला लागले.

त्यांची आय सुकेळी करायची. आयची आयही करायची. गिरीजच्या अंगणात मांडव घालून राजेळी केळी वाळत असायची, आणि सबंध हंगामभर आय त्या केळ्यांभोवती, पाखरं हाकत, बाजू बदलत. इनासभाऊंना मुंबईत पहिली नोकरी लागली, फायनान्सचीच. नवं शिकलेलं वापरून बघायला हात शिवशिवत होते. एका रविवारी मिस्सावरून आल्यावर त्यांनी चर्चच्या पत्रकाच्या मागे आयचा धंदा मांडला. केळी किती, दिवस किती, माणूस किती राबतं आणि हातात काय येतं. तीच केळी ओली विकली तर जवळजवळ तेवढेच पैसे, आणि कष्ट शून्य. आयला समोर बसवून समजावलं.

"हिशोब बरोबर होता, वहिनी," ते म्हणाले. "परवा पुन्हा करून बघितला. अजून बरोबर आहे."

"मग आई काय म्हणाली?"

"म्हणाली, म्हणजे मी एवढी वर्षं वेडी होते का? मी हसलो. म्हटलं, थोडीशी."

त्या वर्षी आयनं मांडव घातला नाही. केळी ओलीच गेली. पुढे ती रोज सकाळी कामावर निघालेल्या मुलाला दारात गाठून विचारायची, की इनास, मग आता मी काय करू? चिडून नाही, खरंच विचारायची. शिकलेला मुलगा, त्याला माहीत असेल म्हणून.

"मी तिला टीव्ही घेऊन दिला," इनासभाऊ म्हणाले.

माझ्या डोळ्यांना पाणी आलं आणि ते मी पदराला पुसलं, कांदा चिरत नव्हते तरी. त्यांच्या खांद्यावर हात ठेवावा असं फार वाटलं, पण आमच्यात तसं नव्हतं.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. व्हिडिओ कॉल, लानबाईंचा. सिंगापूरहून बातमी पोचली असणार. साठीच्या, सावळ्या, डोक्याला टोपी, शेजारी त्यांची मुलगी, तिला इंग्रजी येत होतं. मागे अंगणभर बांबूच्या चौकटी आणि त्यांच्यावर ओणवलेल्या बायका. एकही काम सोडून फोनपाशी आली नव्हती, केळी उलटायची वेळ असावी. लानबाई बराच वेळ आपल्या भाषेत बोलल्या. बोलता बोलता हसल्या, मग तोंडावर हात ठेवला. मुलीनं ते दोन वाक्यांत आटोपलं. आई आभार मानते आहे. आणि आई विचारते आहे, आता पुढे आम्ही काय करायचं?

बाईंना कागदपत्रांचं विचारायचं असेल, बँकेचं, सह्यांचं. इनासभाऊ मागच्या त्या ओणवलेल्या बायकांकडेच बघत राहिले. मुलीला वाटलं लाइन गेली. ती हॅलो हॅलो करत राहिली. शेवटी ते बोलले, पण मराठीत.

"तेच करा," म्हणाले. "जे करता आहात ना बाई, तेच करा."

मुलीला काही कळलं नाही. तिनं पुन्हा विचारलं. इनासभाऊंना मात्र आता एकही शब्द बोलवत नव्हता. मग मी त्यांच्या हातातून फोन घेतला, समोर धरला आणि मला जमेल तशा इंग्रजीत त्या बाईंना ते सांगितलं.