बोटभर वायरचा तपास

उलव्यात खाजगी गुप्तहेर एकच, आणि तो मी, नंदकुमार. निवृत्तीआधी बँकेत सह्या पडताळायचो, त्यामुळे माणसाच्या वेलांटीवरून त्याची नियत ओळखतो. सोसायटीत माझा दरारा आहे. मी लिफ्टमध्ये शिरलो की बाकीचे जिन्याने जातात.

त्या शनिवारी सकाळी स्वयंपाकघरातला मिक्सरचा सॉकेट जळला. संध्याकाळी शेजारच्या क्षिप्राचं डोहाळेजेवण होतं आणि चाळीस जणांची ओल्या खोबऱ्याची चटणी माझ्या बायकोने, नंदिनीने, अंगावर घेतली होती. मी मेन स्विच बंद करून बोर्ड उघडला, नवा सॉकेट आणला. तर वायर त्याच्यापर्यंत पोचेचना. बोटभर कमी पडत होती.

वायर चोरीला गेल्याचं मी जाहीर केलं. बोटभर वायर चोरून कोणी काय करणार, असं नंदिनीने विचारलं. तीच तर चोराची हुशारी, असं मी तिला समजावलं.

पहिला संशय वरच्या मजल्यावरच्या विपुलवर. नवा ओव्हन घेतल्यापासून तो आमची वायर वर ओढत असणार. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि दार लावलं. मग उंदीर. पण वायरचं टोक सरळ कापलेलं होतं, आणि पक्कड वापरणारा उंदीर माझ्या नोंदीत नाही. शेवटी उरलं उलव्याशेजारचं नवं विमानतळ. विमानांच्या हादऱ्यांनी इमारत ताणली गेली, वायर होती तेवढीच राहिली.

तोवर नंदिनीने गावठाणातल्या मनस्वीला बोलावलं होतं. ती वायरमनचं काम करते. तिने बोर्डात डोकावून विचारलं, इथले स्विच कोण बदलतं. मीच, मी अभिमानाने सांगितलं. दर वेळी काळं पडलेलं टोक कापायचं, नवं सोलायचं.

"काका," ती म्हणाली, "दर टायमाला पेरभर कापलं तर वायर पुरंल कशी? चोर तुमीच हाव."

तिने तेवढ्याच जाडीचे तुकडे कनेक्टर लावून आतच जोडले आणि पंधरा मिनिटांत मिक्सर गरगरू लागला. मी तोंड लपवायला गॅलरीत गेलो.

संध्याकाळी क्षिप्राच्या सासूबाईंनी चटणीला उशीर का झाला ते विचारलं. मी मान खाली घातली. आता साऱ्या सोसायटीत हसं होणार होतं.

"वायर आखूड पडली होती," नंदिनी म्हणाली. "पण गुन्हेगार सापडला. यांनी स्वतःच कबुली घेतली त्याची."

मी पानात आणखी चटणी वाढून घेतली.