पाचव्या रांगेतले सासरे

सिनेमावाल्या बाईने देऊ केलेली कॉफी व्हर्लिनने घेतली आणि तिथेच सगळं बिनसलं. कॅन्ससमधल्या त्या लहानशा कॉलेजच्या कचेरीत बावीस वर्षं दाखले देणाऱ्या या कारकुनाला ‘तुम्ही फार छान सांगता’ असं आजवर कोणी म्हटलं नव्हतं. पहिल्या कपाला त्याने कॉलेजच्या हरण्यात पटाईत फुटबॉल संघाचा इतिहास सांगितला आणि दुसऱ्या कपाला कोच ऑर्व्हलचे किस्से. (तिसरा कप त्याने स्वतःहून मागितला.) कोच खाणावळीच्या टेबलावर केचपने डावपेच कसे काढायचे, मध्यंतरातल्या स्वतःच्याच भाषणात कशी डुलकी घ्यायचे, आणि एकदा चुकून समोरच्या संघाच्या खोलीत शिरून, जोरदार भाषण ठोकून त्यांनाच कसं पेटवून आले! बाई भराभर लिहून घेत होती. कोच आपले सासरे आहेत, एवढं सांगायचं तेवढं राहून गेलं.

वर्षभराने त्या बाईचा सिनेमा गावात लागला. कोचनी दोन आठवडे आधीच घरच्यांसाठी अख्खी पाचवी रांग राखून ठेवली. व्हर्लिनची भूकच गेली. एका शेजाऱ्याने कधीतरी डावपेचांची थट्टा केली, म्हणून कोच त्याच्याशी एकोणीस वर्षं बोलले नव्हते. तो वारला तेव्हा फुलं पाठवली, तीही बिननावाची. व्हर्लिनने पोटदुखी काढून पाहिली. बायकोने, मार्वाने, औषध पाजलं आणि त्याला नेऊन थेट कोचच्या शेजारी बसवलं.

सिनेमात पुढे काय होणार हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. नालायक संघ, तो बंद करायला टपलेला प्राचार्य, कधीच चेंडू न झेलणारा जाड्या, आणि शेवटच्या क्षणी चेंडू त्याच्याच हातात. ती चिंता व्हर्लिनला नव्हतीच. तो केचपची वाट पाहत होता.

केचप आलं. कोचचा पॉपकॉर्नचा हात थांबला. डुलकी आली. कोच पुढे झुकले. पडद्यावरचा कोच चुकीच्या खोलीत शिरला, तसे शेजारच्या खऱ्या कोचचे खांदे गदागदा हलायला लागले. व्हर्लिनला वाटलं, संपलं, म्हाताऱ्याचं हृदय बंद पडणार आणि खुनी आपण.

कोच डोळे पुसत होते. हसून हसून.

“ओळखलंस का रे, हा कोण?” त्यांनी विचारलं. “तो पलीकडच्या कॉलेजचा हास्केल. असलाच बावळट होता.”

“हुबेहूब, कोच,” व्हर्लिन म्हणाला. दोन आठवड्यांत पहिल्यांदाच त्याने पोटभर श्वास घेतला.

तेवढ्यात पडद्यावर कोचचा होणारा जावई आला. कारकून. तोंडाने मागणी घालायची छाती नव्हती, म्हणून त्याने लग्नाचा अर्ज तीन प्रतींत टाईप केला, सासऱ्याच्या दाराखालून सरकवला आणि पळताना कुंपणात अडकला. अख्खं थिएटर हसून लोळलं. व्हर्लिनने मार्वाकडे पाहिलं. ती छताकडे बघत होती.

“ती बाई माझ्याशीही बोलली होती,” ती हळूच म्हणाली. “तू इतका गोड अडकला होतास.”

बाहेर पडताना कोचना कोणी विचारलंही नाही. सगळं गाव व्हर्लिनचा हात हातात घेत होतं. पोस्टातल्या बाईंनी तर अडवूनच विचारलं, खरंच तीन प्रती काढल्या होत्यास?

“चार,” मागून कोच म्हणाले. “आणि सही एकीवरही नव्हती.”