आजीची चूक-दुरुस्ती

आजीच्या शोकसभेत नातवाचं भाषण सगळ्यात शेवटी होतं, आणि खिशातला लिफाफा त्याला इस्त्रीसारखा चटके देत होता.

आजीने जाण्याआधी असे तीन लिफाफे लाख लावून ठेवले होते. बोलणारे तीन, लिफाफे तीन. सोबत सूचना : ‘प्रत्येकाचं भाषण झाल्यावर मोठ्याने वाचणे. वाचणार : नातू.’ तरुणपणी ती वर्तमानपत्रात चूक-दुरुस्तीचा कोपरा लिहायची. बारा वर्षं इतरांच्या चुका तीन-तीन ओळींत निस्तरल्यावर ती वकील झाली. तिथे चुकणाऱ्याला निदान समोर उभं करता यायचं. मेलेल्या माणसाबद्दल लोक काय वाट्टेल ते ठोकून देतात, हे तिला दोन्ही धंद्यांत पुरतं कळलं होतं.

पहिले उठले तिचे जुने संपादक. “बाईंच्या हातात पहिलं पेन दिलं ते मी!”

नातवाने लिफाफा फोडला. “दुरुस्ती : पेन माझंच होतं. यांनी सहीपुरतं मागून घेतलं. अजून परत आलेलं नाही.”

संपादकांचा हात नकळत खिशाकडे गेला. पेन तिथेच होतं.

मग वकिलीतला तिचा ज्युनियर, आता टक्कल पडलेला. “बाई साक्षीदारासमोर जाडजूड फाइल आपटायच्या, की तो घडाघडा बोलायला लागायचा. त्या फाइलीतले पुरावे मी रात्र रात्र जागून जमवलेले असायचे!”

“दुरुस्ती : फाइलीत रद्दी असायची. आणि हा रात्री कधी जागला नाही. दुपारीही नाही.”

सभा पोट धरून हसली. नातू हसला नाही, कारण त्याचा लिफाफा तिन्हींत जाड होता.

आठ वर्षांपूर्वी आजीचा टाइपरायटर जिन्यावरून गडगडला होता. ढकलला नातवाने, नाव घेतलं बोक्याचं. चार किलोच्या बोक्याने बारा किलोचा टाइपरायटर ढकलला, हे आजीने एकही प्रश्न न विचारता मान्य केलं, यातच खरं तर पाणी मुरत होतं. बोक्याला आत्याकडे हद्दपार केलं. त्याने तिथे सोफे फाडले, पडदे फाडले, मग आत्याच्या हातांकडे मोर्चा वळवला. आणि हीच आत्या आता आजीचं लिहायचं टेबल नातवाला देणार होती. का, तर “घरात सरळ म्हणून तो एकटाच!”

नातू माईकसमोर उभा राहिला. ‘आजीशी मी कधीच खोटं बोललो नाही,’ हे भाषणाचं पहिलं वाक्य त्याने पाठ केलं होतं. आत्या पहिल्या रांगेत डोळे पुसत होती. हाताला ताजं बँडेज होतं.

“आजीशी मी...” त्याने लिफाफा चाचपला. केवढा जाड! “टाइपरायटर मी पाडला. बोका तेव्हा झोपला होता.”

आत्याचा डोळे पुसणारा रुमाल खाली आला.

“म्हणजे बोका निर्दोष?” आत्याने विचारलं.

“हो, आत्या.”

“आठ वर्षं! तीन सोफे! अरे मेल्या, तुला मी सरळ म्हणत होते?”

“लिफाफा वाच आधी!” मागून कुणीतरी ओरडलं.

त्याने लाख फोडली. आत गेल्या महिन्याच्या वर्तमानपत्राचं हवामानाचं पान होतं. आठ घड्या घातलेलं.

ज्युनियर तेवढा मांडीवर थाप मारून हसला. “रद्दी! बाईंनी जाता जाता शेवटचा साक्षीदारही बोलता केला!”

“टेबल मिळेल,” आत्या पर्स उचलत म्हणाली. “उद्या पाठवते. शब्द दिलाय मी.”

दुसऱ्या दिवशी टेबल आलं. वर बोका बसला होता, न्यायाधीशासारखा. नातवाने दार लावून घेतलं, हात जोडले आणि रीतसर माफी मागितली.

बोक्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग पंजा उचलला आणि त्याच्या मनगटावर आपली दुरुस्ती दिली. मोजून तीन ओळी.