भाऊंनी पाळलेला निकाल

ठाकुर्लीच्या नीलधारा सोसायटीचे चेअरमन भाऊ नोटिसा लावत, वाचत नसत. मार्च उजाडला, नळाचं पाणी अर्ध्यावर आलं, तशी त्यांनी नवी नोटीस काढली: ‘विहिरीचे पाणी पूर्वापार ए विंगचे असून यापुढेही ए विंगलाच मिळेल.’ आधीच्या दोन नोटिसा बी विंगच्या कुणीतरी फाडल्या होत्या, म्हणून या वेळी टाचण्यांऐवजी डिंक वापरला आणि त्यात हात आखडता घेतला नाही. फलकावर आधीच लावलेल्या एका कागदाचा वरचा अर्धा भाग त्या नोटिशीखाली गेला. कागद कुणाचा, कशाचा, हे पाहायचं भाऊंना काही कारण नव्हतं.

विहीर दोन्ही इमारतींच्या बरोबर मध्ये होती. पण ए विंग आधी बांधली, पहिला पाइप तिकडे गेला, आणि बी विंगच्या पाइपवरचा व्हॉल्व्ह भाऊंनी बंद ठेवला तो ठेवलाच. ते स्वतः ए विंगमध्ये राहत, हा त्यांच्या मते निव्वळ योगायोग होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आपली नोटीस शाबूत आहे ना, हे बघायला ते खाली आले. नोटीस होती. पण तिच्या खालून डोकावणाऱ्या मजकुरावर त्यांची नजर गेली: ‘पाणी पूर्वापार आम्हीच वापरतो, हे म्हणणे सिद्ध होत नाही. पाणी सर्वांना खुले. अपील फेटाळले. — मुंबई उच्च न्यायालय.’

भाऊंनी ते दोनदा वाचलं. ‘पूर्वापार’ हा शब्द तर त्यांचा होता, गेल्याच सभेत त्यांनी तो चारदा वापरला होता. वर काय लिहिलंय ते बघावं म्हणून त्यांनी नखाने आपली नोटीस सोडवायला घेतली. डिंकाने इमानेइतबारे काम केलं होतं. नोटीस निघाली, पण खालच्या कागदाचा मथळा सोबत घेऊनच, आणि हातात नुसत्या चिंध्या आल्या.

म्हणजे बी विंगवाल्यांनी केस केली, आपण हरलो, आणि वर अपीलही केलं? भाऊंना यातलं काहीएक आठवेना. पण ऑफिसच्या कपाटात, ‘सवडीने बघू’ म्हणून ठेवलेले दहा-बारा खाकी लिफाफे मात्र आठवले. त्यांनी पुतण्याला फोन लावला. सुश्रुत ठाण्याला वकिली करत असे आणि त्या वेळी खोपटच्या सिग्नलला अडकला होता.

“काका, हायकोर्टाचा निकाल आहे ना? मग आधी पाळा. बाकी मी संध्याकाळी बघतो.”

संध्याकाळी तो साफ विसरला. भाऊंनी मात्र तासाभरात व्हॉल्व्ह खोलला. तो इतका गंजला होता की भाऊ आणि वॉचमन दोघांना मिळून लटकावं लागलं.

बी विंगमध्ये सणासारखं झालं. बायकांनी गोधड्यासुद्धा धुवायला काढल्या आणि तळमजल्यावरून कुणीतरी भाऊंना पेढे पाठवले. जखमेवर मीठ, असं म्हणून भाऊंनी ते खाल्ले. ए विंगमध्ये मात्र गहजब उडाला. तिथले रवींद्र बऱ्याच वर्षांपासून चेअरमनच्या खुर्चीवर डोळा ठेवून होते. कसली केस, कुठला निकाल, रविवारच्या मीटिंगला प्रत दाखवा, नाहीतर राजीनामा द्या, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. बावीस वर्षांची खुर्ची एका कागदावर येऊन ठेपली.

हरलेल्याकडे प्रत नसली तरी जिंकलेल्याकडे असणारच, असा हिशेब करून शनिवारी भाऊ बी विंगचे तीन जिने चढले. तिथे महेंद्र ओव्हाळ राहत. ते शाळेत इतिहास शिकवत आणि मीटिंगमध्ये मुद्द्याचं बोलत, त्यामुळे केस त्यांनीच केली असणार यात भाऊंना शंका नव्हती.

“सर, हरलो ते मान्य,” भाऊ धापा टाकत म्हणाले. “फक्त निकालाची एक प्रत द्या.”

महेंद्र सर आधी गोंधळले, मग सगळं ऐकून घेतलं, मग तोंडावर हात ठेवून आत गेले आणि एक कागद घेऊन आले. या कागदाला मथळा होता: ‘देश घडवणारे खटले. आजचा विषय: महाडच्या चवदार तळ्याचा खटला.’ ठाण्याच्या एका वाचनालयात त्यांचं व्याख्यान होतं, त्याची ती जाहिरात; फलकावरही त्यांनी हीच लावली होती.

“बाबासाहेबांवर केलेला दावा हा, भाऊ. तळं आमचं खाजगी, पूर्वापार आम्हीच वापरतो, असं तिथले लोक म्हणत होते. महाडला हरले, मग अपील आपल्या ठाण्याच्या कोर्टात चाललेलं, तिथेही हरले. मग हायकोर्ट. एकोणीसशे सदतीस.”

भाऊ जवळच्या खुर्चीत बसले. सरांच्या आई जाईबाईंनी त्यांच्यापुढे पाण्याचा पेला धरला. पाणी विहिरीचंच होतं.

“माझा बाप होता तिथं, सत्तावीस साली,” त्या म्हणाल्या. “ओंजळभर पाणी प्यायला, नि त्यापायी डोकं फोडून घेतलं.”

“आई, तिथे माणूस म्हणून जगायचा प्रश्न होता,” सर म्हणाले. “इथे नुसता व्हॉल्व्ह आहे.”

सरांनी असं सावरून घेतलं, तरी भाऊंना मनापासून लाज वाटली. तळं अडवणाऱ्यांचं वाक्य आणि आपल्या नोटिशीतलं वाक्य एकच निघावं, याचं त्यांना फार वाईट वाटलं. त्यांनी पेला संपवला. मग विचारलं, “हा निकाल पुढे कुणी फिरवला का हो?”

“नाही. अजून कायम आहे.”

रविवारी मीटिंगला दोन्ही विंग लोटल्या. भाऊ उभे राहिले, खिशातून सरांनी दिलेला कागद काढला आणि खणखणीत आवाजात निकाल वाचून दाखवला. कुठलं कोर्ट, कुठलं तळं, कुणाचा दावा, काही लपवलं नाही. व्हॉल्व्ह आपण घाबरून खोलला, हेही सांगून टाकलं.

“साल कुठलं?” रवींद्रांनी विचारलं.

“एकोणीसशे सदतीस.”

ए विंगमध्ये हशा पिकला. रवींद्र तर उठूनच उभे राहिले. “अहो चेअरमन, निकाल सदतीस सालचा. मग आपण इतकी वर्षं इथे काय करत होतो?”

“न्यायालयाचा अवमान,” भाऊ म्हणाले, आणि पुढचा विषय पुकारला. व्हॉल्व्ह परत बंद करा, असं म्हणायला कुणाचाच हात वर झाला नाही.